‘नाही’ लावून बघा, ‘पण’ लावून बघा

(भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी आत येताना दारात एका मुलीनं मला अडवलं. म्हणाली, “सर, आज अर्थावर बोलणार ना? मग आधी अर्थ म्हणजे काय तेवढं सांगा.” मी म्हटलं, शेवटी सांगतो. आता कबूल करून टाकतो, शेवटीही सांगणार नाही.

गेल्या सत्रात तुम्ही ध्वनी शिकलात. तोंडासमोर कागद धरून ‘प’ म्हणा, ‘फ’ म्हणा, कागद किती हलतो ते दिसतं. अर्थापुढे कसला कागद धरणार? म्हणून आपण शब्दकोश उघडतो. मीही तेच केलं होतं. पहिल्या वर्षाला आमच्या बाईंनी ‘वाढणे’ या क्रियापदावर चार पानं लिहून आणायला सांगितली. मी कोशातले अर्थ नीट उतरवून काढले आणि या सगळ्यांच्या मुळाशी ‘अधिक होणे’ हा एकच गाभा आहे, असा थाटात निष्कर्ष काढला. बाईंनी वही परत केली. समासात एवढंच लिहिलं होतं : “शहाळेवाल्याला काय सांगतोस?”

मला काही कळेना. मग घरी बसून वाक्यं लिहीत गेलो. मुलगा वाढला. आईनं भात वाढला. इथंच पहिली ठिणगी पडली, कारण एका वाक्यात ‘मुलगा’ आहे आणि दुसऱ्यात ‘आईनं’. कर्त्याला ‘नं’ लागला, म्हणजे व्याकरणाच्या लेखी ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. मी त्यांना जबरदस्तीनं एका घरात नांदवत होतो. पुढे : पूजेला नारळ वाढवला. बांगडी वाढवली. मंगळसूत्र वाढलं. इथं काहीच अधिक होत नाही, उलट फुटतं, तुटतं. पण ‘फुटलं’ हा शब्द शुभकार्यात किंवा सौभाग्याच्या वस्तूबद्दल तोंडातून काढायचा नाही, म्हणून त्याच्या नेमका उलट शब्द पुढे केला. आणि शहाळेवाला? “एक शहाळं वाढवून द्या” असं कुणी म्हणत नाही. तिथं अशुभाची भीती नाही, म्हणून शब्दही नाही. चटणीसाठी नारळ हवा असला तर बहुतेक घरांत तो फोडतातच. म्हणजे ‘वाढवणे’ याचा अर्थ ‘फोडणे’ असं लिहिलं तर ते निम्मंच खरं. उरलेलं निम्मं कोण, कुठं, कशाला घाबरून बोलतंय यात आहे.

बाईंनी मला व्याख्या दिली नाही, एक चाचणी दिली : जिथं शब्द चालत नाही ते वाक्य शोध. अर्थाचा अभ्यास मला तेव्हापासून असाच करता येतो.

आता अशाच दोन चाचण्या तुम्हाला देतो. वाक्य घ्या, “काकांनी तंबाखू सोडली.” याला ‘नाही’ लावा : “काकांनी तंबाखू सोडली नाही.” प्रश्न करा : “काकांनी तंबाखू सोडली का?” तिन्ही वाक्यांत एक गोष्ट जागची हलली नाही, ती म्हणजे काका आधी तंबाखू खात होते. नकारानं आणि प्रश्नानं जे हलत नाही त्याला पूर्वगृहीत म्हणतात. बोलणारा ते सांगत नसतो, धरून चालतो. म्हणून ते फार धोक्याचं. “तुम्ही तंबाखू सोडली का?” याला बिचाऱ्या निर्व्यसनी माणसानं ‘हो’ म्हणावं की ‘नाही’?

दुसरं वाक्य : “काही मुलांनी गृहपाठ केला.” ऐकल्याबरोबर वाटतं, सगळ्यांनी केलेला दिसत नाही. पण पुढे जोडून बघा : “काही मुलांनी केला, काहींनी काय, खरं तर सगळ्यांनीच केला.” वाक्य मोडलं नाही. आता “काकांनी तंबाखू सोडली, पण ते कधी खातच नव्हते” म्हणून बघा. मोडलं. ‘सगळ्यांनी नाही’ हा अर्थ शब्दांत नव्हताच, तो ऐकणाऱ्यानं काढला होता, म्हणून परत घेता आला. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञानं 1967 साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत हे मांडलं : समोरचा माणूस सहकार्यानं, गरजेपुरतं आणि विषयाला धरून बोलतोय असं आपण मानतो आणि त्यावरून न बोललेलं ताडतो. लग्नाच्या बोलणीत कुणी विचारतं, “मुलगा कसा आहे हो?” उत्तर येतं, “आईवडील फार चांगले आहेत.” झालं! मुलाबद्दल एक अक्षर उच्चारलं नाही आणि स्थळ गेलं.

यावर आपल्याकडे कुणीतरी लगेच म्हणतं, हे आमच्या जुन्या काश्मिरी काव्यशास्त्रकारांनी आधीच सांगितलंय. खरं आहे, पण जरा जपून. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात “सूर्य मावळला” या एका वाक्यातून गुराख्याला, व्यापाऱ्याला, प्रियकराला भेटायला निघालेल्या अभिसारिकेला कसे निरनिराळे अर्थ कळतात ते दिलंय. मात्र आनंदवर्धन आणि मम्मट त्यासाठी शब्दाची व्यंजना नावाची, न बोललेलं सुचवणारी वेगळी शक्ती मानतात. महिमभट्ट याच परंपरेतला, अकराव्या शतकातला. त्यानं ‘व्यक्तिविवेक’ या ग्रंथात ही शक्तीच नाकारली. शब्दाला एकच शक्ती, सरळ अर्थ सांगणारी अभिधा. बाकी सगळं ऐकणाऱ्याचं अनुमान. ग्राइसचा खरा शेजारी हा महिमभट्ट. आपण मात्र मिरवतो ते आनंदवर्धनाला. दोघांतला वाद अजून मिटलेला नाही, आणि तुम्हाला त्यात बाजू घ्यावी लागेल.

आता माझी ‘नाही’ची चाचणी तुमच्यासमोरच पाडून दाखवतो. “रमेशही आला.” म्हणजे आणखी कुणीतरी आलंय, हे पूर्वगृहीत. ‘नाही’ लावा : “रमेशही आला नाही.” अरे! आता आणखी कुणीतरी आलेलं नाही. जे हलायला नको ते उलटंच झालं. मग काय, चाचणी खोटी? नाही. मराठीत ‘ही’ नकाराच्या बाहेर जाऊन बसतो. तो आधी ‘आला नाही’ पूर्ण होऊ देतो आणि मग त्यात भर घालतो. “रमेशही आला का?” असा प्रश्न केलात, किंवा “रमेशही आला असं नाही” म्हटलंत, की जुनं पूर्वगृहीत परत जागेवर येतं. पुस्तकातली चाचणी इंग्रजी वाक्यांवर घडलेली असते. ती तशीच उचलून मराठीला लावली की अशी फजिती होते, आणि माझ्या मते तीच आपली खरी कमाई आहे.

‘च’ तर याहून खट्याळ. मीच काल पुण्याला गेलो. मी कालच पुण्याला गेलो. मी काल पुण्यालाच गेलो. माणूस तोच, दिवस तोच, गाव तेच. जगात काहीही बदललं नाही. बदललं ते एवढंच, की समोरचा काय चुकीचं समजून बसला होता. शिवाय ‘कालच’मध्ये ‘इतक्यातच’ ही छटा येते, ती बाकी दोन्हींत नाही. ती कुठून आली, हे मी बरीच वर्षं वर्गात विचारतोय आणि दर वर्षी नवं उत्तर मिळतं.

गृहपाठ देतो. ज्या मुलीनं मला दारात अडवलं तिनं “बोलणार का?” असं विचारलं नाही, “बोलणार ना?” असं विचारलं. मला सुटका उरली नाही. आता हा ‘ना’ घ्या. “बोलणार ना?” आणि “बोलणार नाही ना?” दोन्ही आपापल्या घरात दिवसभर ऐका, कोण कुणाला म्हणतंय ते लिहा, आणि कुठल्या वाक्यात तो मुळीच बसत नाही ते मंगळवारी घेऊन या.