दिग्दर्शकाच्या हातची संहिता

नमस्कार. प्रयोग संपल्यावर नाटकाची छायाचित्रे, जाहिराती आणि परीक्षणे मागे उरतात; पण तालमी सुरू होण्यापूर्वी दिग्दर्शकाच्या मनात ते नाटक कसे उभे राहिले होते, हे समजायचे असेल तर त्याने स्वतःच्या हाताने टिपणे केलेली संहिताच उघडावी लागते.

1898 साली रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांनी खारकोव्ह प्रांतात भावाकडे राहून नाटककार चेखॉव्ह यांच्या ‘सीगल’ या नाटकाची अशी संहिता लिहिली आणि ती मॉस्कोला नाट्यसंस्थेतले आपले सहकारी नेमिरोविच-दान्चेन्को यांच्याकडे पाठवली, जे तिकडे तालमी घेत होते. पहिल्याच अंकाचा आरंभ पाहा: अंधार, ऑगस्टमधली संध्याकाळ, कंदिलाचा मिणमिणता उजेड, दुरून येणारे दारुड्याचे गाणे, कुत्र्याचे विव्हळणे, बेडकांचे ओरडणे, चर्चच्या घंटेचे संथ टोल. चेखॉव्ह यांच्या संहितेत त्या जागी यातले बेडूकही नाहीत आणि घंटाही नाही. तालमीत बेडकांचा आणि कुत्र्यांचा हा बेत कानावर आला तेव्हा चेखॉव्ह नाराज झाले. मला मात्र हे पान फार मोलाचे वाटते, कारण लेखकाने मोकळी सोडलेली जागा दिग्दर्शक कशाने भरतो, हे इथे डोळ्यांना दिसते.

एक सावधगिरी मात्र हवी. ही संहिता म्हणजे प्रयोगाची नोंद नव्हे; तो दिग्दर्शकाचा मनसुबा आहे. नटांनी त्यातले काय स्वीकारले, हे पाहायचे तर खोडलेल्या ओळी, नंतर पेन्सिलीने वाढवलेल्या खुणा आणि उपलब्ध असल्यास रंगमंच व्यवस्थापकाची प्रत शेजारी ठेवूनच वाचावे लागते. पुढे स्वतः स्तानिस्लाव्हस्की यांनीही सगळे आधी टेबलावर ठरवण्याची ही रीत सोडली आणि नटांबरोबरच प्रसंग शोधायला सुरुवात केली.

ऑस्ट्रियन दिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांच्या अशाच टिपणांसह संहिता आज अमेरिकेत, बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ त्यांनी 1905 मध्ये बर्लिनमध्ये बसवले आणि पुढे पुन्हा पुन्हा बसवले, 1934 मध्ये हॉलिवूड बोलच्या खुल्या रंगमंचावरदेखील. त्यामुळे अशी कोणतीही प्रत हाती आली, की ती नेमक्या कोणत्या वर्षीच्या आणि कोणत्या रंगमंचासाठीच्या प्रयोगाची आहे, हे अभ्यासकाने सर्वांत आधी तपासावे.