भूमध्य समुद्रातला श्रावण

मंडळी, माल्टा या भूमध्य समुद्रातल्या बेटाच्या भाषेत पावसाला ‘शिता’ म्हणतात आणि हिवाळ्याला ‘शितवा’. दोन्ही शब्द एकाच धातूतून निघालेले. ही भाषा अरबीच्या घराण्यातली, लिहितात मात्र रोमन लिपीत. हे दोन शब्द मला तिथल्या एका भाजीवालीनं सांगितले आणि मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. ‘भूमध्यसागरी हवामान: उन्हाळे कोरडे, हिवाळे पावसाळी’ हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. त्या बाईंच्या भाषेनं तेच दोन शब्दांत सांगून टाकलं होतं.

मी आणि माझी थोरली बहीण, आम्ही दोघी जानेवारीच्या मध्यावर तिथे गेलो आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राहिलो. निघताना सगळ्यांनी विचारलं, हिवाळ्यात बेटावर जाऊन करणार काय? समुद्रात तर उतरता येणार नाही! त्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच मी आज उभी आहे.

आधी थोडा भूगोल. उन्हाळ्यात जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि भूमध्य समुद्रावर ठाण मांडतो. मग महिनोन्महिने पाऊस नाही. हिवाळ्यात तो पट्टा खाली दक्षिणेला उतरतो आणि पश्चिमेकडून येणाऱ्या आवर्तांना, म्हणजे कमी दाबाभोवती फिरणाऱ्या वादळी वाऱ्यांना, वाट मोकळी होते. आवर्त आलं की एक-दोन दिवस वारा-पाऊस, मग धुऊन काढल्यासारखं लख्ख आकाश, मग पुढचं आवर्त. यातली काही आवर्तं पूर्वेकडे सरकत इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येतात. बातम्यांमध्ये आपण ‘पश्चिमी विक्षोभ’ ऐकतो ना, तो हाच. काश्मीरचा बर्फ आणि पंजाबातल्या गव्हाला मिळणारा हिवाळी पाऊस यांचं माहेर बरंचसं तिकडे आहे.

म्हणजे जानेवारी हा त्या बेटाचा श्रावण झाला. ऑगस्टमध्ये माल्टा बघणं म्हणजे एखाद्या परदेशी पाहुण्यानं ऐन मे महिन्यात सह्याद्री बघून परत जाण्यासारखं आहे. डोंगर दिसतील, पण भाजलेले. उन्हाळ्यात माल्टा अगदी तसाच दिसतो, पिवळट चुनखडीचा रखरखीत दगड. जानेवारीत त्याच दगडांच्या फटीफटीतून हिरवं उसळलेलं असतं.

आणि त्या हिरव्यावर पिवळं. शेतांच्या कडेला, पडक्या भिंतींवर, कबरस्तानात, जिकडे बघावं तिकडे एकच पिवळं फूल. आपल्याकडे सप्टेंबरात पठारावर सोनकी पसरते, तसं. मी खाली बसून पान बघितलं तर तीन दलांचं, प्रत्येक दल बदामी आकाराचं. आपल्या आंबुशीची चुलत बहीण! दांडा तोडून चावला, जीभ आंबट झाली. तिथली मुलंही तो असाच चोखतात. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रज आले त्या सुमारास तिथे पोहोचलं, म्हणून लोक त्याला ‘इंग्रजी गवत’ म्हणतात. आभाळ भरून आलं की फुलं मिटतात आणि ऊन पडलं की उघडतात. घराबाहेर पडायचं की नाही, हे आम्ही खिडकीतून ती फुलं बघून ठरवायला लागलो होतो.

हवा कशी असते? दुपारी १५-१६ अंश, रात्री ९-१०. पुण्या-नाशिककरांना नवी नाही. दिवसाला सरासरी पाचेक तास ऊनही मिळतं. वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आपल्या दुष्काळी तालुक्यांइतका, आणि त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते मार्च या काळात पडतो. बेटावर एकही बारमाही नदी नाही. म्हणून पाण्याचा थेंबन् थेंब धरून ठेवायची तिथली रीत फार जुनी आहे. सोळाव्या शतकात सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघानं, व्हॅलेटा हे शहर वसवलं, तेव्हा प्रत्येक घराखाली पाण्याचं टाकं हवं असा नियमच केला होता. सपाट गच्चीवरचं पाणी पन्हळीतून थेट घराच्या पोटात. आपल्या गडांवरची टाकी ज्यांनी बघितली आहेत, त्यांना हे सांगावं लागणार नाही. शेतांना दगडावर दगड रचून केलेल्या बिनचुन्याच्या भिंती आहेत, कोकणात आपण ज्याला गडगा म्हणतो तशा. पावसानंतर त्या फटींतून पाणी झिरपतं आणि माती मात्र मागे राहते. हे चालू असताना बघायचं तर हिवाळ्यातच जायला हवं.

आता त्रासाचंही सांगते. घरं दगडी, भिंती जाड, उन्हाळ्याच्या दृष्टीनं बांधलेली. त्यामुळे बाहेर ऊन असलं तरी आत गारठा आणि दमट. आम्ही भाड्यानं घेतलेल्या घरात पहिल्या रात्री अंथरूण ओलसर लागलं. ताईचे सांधे धरले. दुसऱ्या दिवशी मालकिणीकडून शेगडी मागून घेतली, तेव्हा निभावलं. घर घेताना ऊब कशाची आहे, हे आधी स्पष्ट विचारा. लोकरीचे मोजे घ्या, आणि लवकर वाळतील असेच कपडे घ्या.

पाऊस लागला की व्हॅलेटातल्या सेंट जॉनच्या चर्चमध्ये जावं. तिथे काराव्हाज्जो या इटालियन चित्रकारानं १६०८ साली रंगवलेलं संत योहानाच्या, म्हणजे याच सेंट जॉनच्या, शिरच्छेदाचं चित्र आहे. भिंतभर, पाच मीटरांहून रुंद. अर्ध्याहून अधिक चित्र नुसता अंधार आहे, आणि जमिनीवर सांडलेल्या रक्तातून चित्रकारानं आपलं नाव लिहिलंय. त्यानं सही केलेलं हे एकमेव चित्र. आम्ही गेलो तेव्हा बाहेर सरी कोसळत होत्या आणि त्या दालनात मोजून सात माणसं होती. पाऊण तास बसलो. आधी मला फक्त मारेकरी दिसत होता. बऱ्याच वेळानं उजवीकडचे गजाआडचे दोन कैदी दिसले, मान वाकडी करून बघणारे. घाईघाईनं पुढे सरकले असते तर ते मला दिसलेच नसते. जमिनीखालचं हाल साफ्लिएनीचं पाच हजार वर्षांचं दफनस्थान मात्र आधी आरक्षण केल्याशिवाय मिळत नाही. एका वेळी दहाच माणसं आत सोडतात.

खाण्याचं थोडक्यात. थंडीतला भाजीबाजार तिथे ऐन भरात असतो: फ्लॉवर, बटाटे, संत्री आणि चक्क नवलकोल. ‘सोप्पा ताल-आर्मला’, म्हणजे विधवेचं सूप, हा गरिबाघरचा पदार्थ: भाज्यांचं पातळ कालवण आणि त्यात सोडलेलं अंडं आणि शेळी-मेंढीच्या दुधाचं चीज. अंडं नको म्हटलं की आम्हा शाकाहारी बायकांचं जेवण झालं.

शेजारच्या गोझो बेटाला तिथले लोक ‘आवदेश’ म्हणतात. मराठी कानाला किती जवळचं वाटतं! बोटीनं पंचवीस मिनिटं. पण आम्ही निघालो त्या दिवशी वारा उठला आणि बोटी बंद झाल्या. ईशान्येच्या या वाऱ्याला ‘ग्रिगाल’ म्हणतात. मी हिरमुसले होते, पण धक्क्यावर उभ्या म्हाताऱ्या कोळ्यानं हातानं दाखवलं, तिकडे बघा. लाटा खडकावर फुटून दुमजली उंच उडत होत्या. गोझोची प्रसिद्ध ‘निळी खिडकी’, तो दगडी कमानीचा कडा, अशाच एका वादळात ८ मार्च २०१७ ला समुद्रात गेला. आम्ही दोन तास तिथे उभ्या होतो. गोझो दोन दिवसांनी झालं.

हिवाळी वाऱ्यानं बेटावर आणून टाकलेला सर्वात प्रसिद्ध पाहुणा म्हणजे ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक संत पॉल. परंपरेनं इसवी सन ६० चा सुमार. जहाज फुटलं, माणसं पोहत किनाऱ्याला लागली. पाऊस होता, थंडी होती, म्हणून बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवली, असं बायबलमध्ये नोंदलेलं आहे. हिवाळा सरेपर्यंत तीन महिने त्यांना तिथे आसरा मिळाला. त्याचा उत्सव १० फेब्रुवारीला असतो. तुम्ही गेलात तर तो दिवस धरूनच परतीचं तिकीट काढा.

आम्ही व्हॅलेटाच्या त्या अरुंद रस्त्यात उभ्या होतो. मूर्ती बाहेर यायच्या आधीच सर आली. कुणी हललं नाही. तिथल्या घरांना लाकडाचे बंदिस्त सज्जे असतात, तशा एका सज्ज्याखाली आम्ही आठ-दहा अनोळखी माणसं दाटीनं उभी राहिलो. वरच्या मजल्यांवरून मुलं कागदाच्या पट्ट्या उधळत होती आणि त्या भिजून आमच्या कोटांना चिकटत होत्या. शेजारच्या आजींनी पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं आणि एकेक फोड सगळ्यांच्या हातावर ठेवली.