घरं मोजली, वस्ती राहून गेली

नमस्कार श्रोतेहो.

शहर वाढायला लागलं की एक आकडा सगळ्यांच्या तोंडी येतो. घरं किती बांधली? सत्तेवरचे तो फलकांवर रंगवतात, विरोधक तो खोडून काढतात आणि बांधकाम करणारे त्याच आकड्याच्या नावानं सवलती मागतात. २००७च्या सुमारास जगातली निम्मी माणसं शहरांत राहणारी झाली. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८मधल्या अंदाजानुसार २०५०पर्यंत शंभरातली ६८ माणसं शहरवासी असतील. तेव्हा हा आकडा आणखी बरीच वर्षं आपल्या कानांवर पडणार आहे. आज मला त्याच्याविषयी थोडं वाकडं बोलायचं आहे. घरं कमी पडताहेत, यात वाद नाही. पण घर मोजताना आपण नेमकं काय मोजतो याकडे फारसं कुणी बघत नाही. आणि रात्री उशिरा आपल्या गल्लीत शिरताना जिवाला घोर लागतो की नाही, हे पुष्कळदा त्या मोजणीतच ठरून गेलेलं असतं.

मेक्सिकोचं घ्या. तिथे इन्फोनाविट नावाची संस्था आहे, १९७२ सालची. मालकानं कामगाराच्या पगाराच्या पाच टक्के रक्कम तिच्याकडे भरायची आणि तिनं कामगाराला घरासाठी कर्ज द्यायचं, अशी ही रचना. २०००नंतर या कर्जांनी असा वेग घेतला की लाखो कामगारांच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा घर लागलं. ही लहान गोष्ट नव्हे. टीका करणारे ती सहज विसरतात. पण कर्जाची रक्कम ठरलेली, बांधणाऱ्याला नफा हवा, मग काटकसर करायची कुठे? जमिनीत. आणि जमीन स्वस्त कुठे? शहरापासून लांब, शेतांच्या मधोमध, जिथे बस जात नाही. तिथे एकसारख्या चिमुकल्या घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. कर्ज मंजूर, घर तयार, किल्ली हातात. आकडा वाढला.

माणसं राहायला गेली आणि हिशेब बिघडला. कामावर जाण्यायेण्यात दिवसातले कित्येक तास आणि पगाराचा मोठा वाटा जाऊ लागला. शाळा नुसतीच नकाशावर, दवाखाना लांब, पाण्याचा भरवसा नाही. काहींनी सरळ कुलूप लावलं आणि शहरात नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या खोलीत परतले. २०१०च्या जनगणनेत मेक्सिकोत सुमारे ५० लाख घरं रिकामी सापडली. ती सगळी या वसाहतींमधली नव्हती, आणि कारणही सगळीकडे एक नव्हतं. सियुदाद ह्वारेझसारख्या सीमेवरच्या शहरात टोळ्यांच्या हिंसेनं आणि कारखान्यांतल्या नोकऱ्या गेल्यानंही घरं ओस पडली. तरी दूरच्या वसाहतींचा वाटा इतका मोठा होता की २०१३च्या सुमारास त्या बांधणाऱ्या बड्या कंपन्याच कर्जाखाली कोसळल्या.

आता सुरक्षिततेचा धागा इथे कसा गुंततो ते पाहा. बंद घराच्या खिडक्या, नळ, वायरी आधी जातात. मग त्यात कुणीतरी घुसतं. एका रांगेतली चार घरं अशी झाली की पाचव्या घरातली आई दिवेलागणीनंतर मुलीला दुकानात पाठवत नाही. गिऱ्हाईक तुटलं म्हणून दुकानदार लवकर फळ्या लावतो. दुकानाचा उजेड गेला की रस्ता आणखी काळा होतो, आणि मग पाचवं घरही जातं. या साखळीत पोलीस कुठे आले? गस्तीची गाडी येते, दहा मिनिटं उभी राहते, निघून जाते. तिच्या मागे रस्ता होता तसाच राहतो. अमेरिकेत जेन जेकब्ज या बाईंनी १९६१मध्येच सांगून ठेवलं होतं की रस्ता मुख्यतः सांभाळला जातो तो तिथे ये-जा करणाऱ्या, खिडकीत बसणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या माणसांच्या डोळ्यांनी. पोलीस त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. फक्त त्या डोळ्यांना तिथे असायला काही कारण हवं. शाळा, थांबा, दुकान, वाचनालय ही ती कारणं. आपण त्यांना ‘सोयी’ म्हणतो आणि अंदाजपत्रकात शेवटच्या पानावर टाकतो.

तुम्ही म्हणाल, चूक लांब बांधण्यात होती. शहराच्या पोटात बांधलं असतं तर हे झालं नसतं. तेही करून झालेलं आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये प्रुइट-आयगो नावाची वसाहत ऐन शहरात उभी राहिली. प्रत्येकी ११ मजल्यांच्या ३३ इमारती, २,८७० सदनिका. १९५४पासून लोक राहायला आले, आणि १९७२मध्ये सुरुंग लावून इमारती पाडायला सुरुवात झाली. अठरा वर्षांत खेळ खलास. यावर उंच इमारतींना शिव्या देण्याची तेव्हापासून फॅशनच पडली आहे. मला ती पटत नाही. सिंगापूर आणि टोकियो दाटीवाटीची शहरं आहेत, आणि जगातल्या सर्वांत सुरक्षित शहरांतही त्यांचं नाव येतं. दाटी हा गुन्हेगार नव्हे.

प्रुइट-आयगोत काय झालं, ते लिफ्टपाशी उभं राहून पाहावं. पैसे वाचवण्यासाठी लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबत असे. उरलेल्यांनी जिन्यानं वरखाली करायचं. म्हणजे म्हाताऱ्या माणसानं आणि कडेवर मूल असलेल्या बाईनं रोज अंधारा, कुणाच्याच नजरेत नसलेला जिना ओलांडायचा. लुटणाऱ्याला याहून चांगली जागा कोणती? त्यात देखभालीचा खर्च भाड्यातून भागवायचा असा नियम. सेंट लुईसमधून कारखाने आणि सुखवस्तू गोरी कुटुंबं उपनगरांकडे निघालेली, वसाहतीत उरलेली बहुतेक कृष्णवर्णीय आणि गरीब कुटुंबं. भाडं येईना म्हणून दुरुस्ती थांबली, दुरुस्ती थांबली म्हणून माणसं सोडून गेली, माणसं गेली म्हणून भाडं आणखी घटलं. उरलेल्यांवर भाडेवाढ लादली, तेव्हा १९६९मध्ये भाडेकरूंनी भाडं देणंच बंद केलं. ऑस्कर न्यूमन या वास्तुरचनाकारानं तिथे एक बारीक गोष्ट टिपली. जिथे फक्त दोन कुटुंबांची मिळून एक जागा होती, तिथला जिन्याचा कोपरा स्वच्छ होता. जिथे वीस कुटुंबांना मिळून एक लांब बोळ होता, तिथे घाण आणि भीती. माणसं तीच, बिल्डिंग तीच. बोळात उभा असलेला माणूस आपल्यातला की परका, हे ओळखता येण्याइतकी ती जागा लहान असावी लागते.

आता आकड्याच्या दुसऱ्या बाजूनं. घरं मुळातच कमी असली तर काय होतं? भाडी वाढतात, हे आपण सगळे बोलतो. त्याचा सुरक्षिततेशी असलेला संबंध मात्र बोलण्यातून सुटतो. ज्या शहरात भाड्याची जागा मिळतच नाही, तिथला भाडेकरू तक्रार करत नाही. वायर उघडी असो, जिन्यात सामान रचलेलं असो, दार मोडकं असो. घरमालक ‘नसेल जमत तर सोडा’ म्हणाला तर जायचं कुठे? मारझोड करणाऱ्या नवऱ्याचं घर सोडायचं ठरवलेल्या बाईलाही हाच प्रश्न पडतो, आणि पुष्कळदा ती त्याच प्रश्नापाशी थांबते. शहरात थोडी घरं कायम रिकामी असणं, आवाक्यातली आणि कामाच्या जवळची, हा अशा माणसांना मिळणारा बंदोबस्त आहे. दुसऱ्या कुठल्याही बंदोबस्तापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधल्या रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधीच लिहून इशारे दिले होते. १४ जून २०१७च्या आगीत ७२ माणसं गेली. इशारा देणाऱ्याचं ऐकलं जाण्यासाठी त्याच्या हातात काही वजन लागतं. घरांची टंचाई पहिल्यांदा तेच काढून घेते.

म्हणून ‘नवी घरं नकोत, त्यानं वस्ती बिघडते’ म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडनं २०१६मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायची मुभा दिली. नंतरच्या काही वर्षांत तिथल्या बांधकाम परवान्यांची संख्या साधारण दुप्पट झाली. त्यातली पुष्कळ घरं वसलेल्या गल्ल्यांमध्येच, जुन्या एकेका घराच्या जागी तीन-चार अशी उठली. अशा ठिकाणी शाळा, थांबा, दुकान आधीपासून असतं. त्यांच्यावर ताण येतो, पण शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

सुरक्षिततेवर खर्च म्हटला की कॅमेरे आणि गाड्या डोळ्यांसमोर येतात. मला दोन साधे प्रयोग जास्त बोलके वाटतात. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही सार्वजनिक वसाहतींना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि तिथे झगझगीत दिवे लावले. निवड न झालेल्या वसाहतींशी तुलना केली. रात्रीचे, उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंड घेतले. त्यांतल्या काहींवरचा कचरा काढला, गवत पेरलं, थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. २०१८मध्ये निष्कर्ष छापून आले. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत अशा भूखंडांभोवती बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली होती. बुटकं कुंपण हा यातला माझा आवडता तपशील. ते कुणालाही अडवत नाही. जागेवर कुणाचं तरी लक्ष आहे, एवढंच ते सांगतं.

मोठं उदाहरण कोलंबियातल्या मेडेयीनचं. १९९१मध्ये तिथे दर लाख माणसांमागे ३८०च्या आसपास खून होत. २००४मध्ये त्या शहरानं डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांपर्यंत केबलकार नेली आणि ती शहराच्या मेट्रोला जोडली. पुढे त्याच वस्त्यांत देखणी वाचनालयं, शाळा, पायवाटा आल्या. आसपासच्या, पण केबलकार न पोचलेल्या तशाच वस्त्यांशी ताडून पाहिलं तेव्हा केबलकारच्या वस्त्यांत खुनांची घट ६६ टक्क्यांनी जास्त आढळली. सगळं श्रेय केबलकारचं नव्हे. टोळ्यांमधले तह, सरकारी कारवाया हेही त्या काळात चालूच होतं, आणि त्यांतल्या काही कारवाया फार क्रूर होत्या. तरी सरकार पहिल्यांदाच बंदुकीखेरीज काहीतरी घेऊन त्या चढावर आलं होतं.

व्हिएन्नाचं थोडक्यात सांगतो. १९९०च्या दशकात तिथल्या महापालिकेनं सार्वजनिक बागांत कोण खेळतं ते तपासलं. नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेतून नाहीशा होत होत्या. मैदानं मोठ्या मुलांनी व्यापलेली. मग काही बागा नव्यानं आखल्या. एका मोठ्या मैदानाचे लहान तुकडे केले, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनसाठी जागा काढल्या, वाटा रुंद केल्या. मुली परत आल्या. त्याच शहरात, त्याच सुमारास ३५७ सदनिकांची एक वसाहत स्त्री वास्तुरचनाकारांनी आखली. जिन्यात दिवसाचा उजेड, प्रत्येक मजल्यावर बाबागाडी ठेवायला जागा, आवारातच बालवाडी, दवाखाना, औषधाचं दुकान, आणि खिडकीतून खालचा रस्ता नीट दिसेल इतपतच उंची.

हे ऐकून कुणी म्हणेल, ठरलं तर मग. सगळ्या सोयी झाल्याशिवाय एकही घर नको. श्रोतेहो, इथे सावध राहायला हवं. ‘आधी पाणी, आधी रस्ते, मग घरं’ हे वाक्य वरवर शहाणपणाचं असतं, पण ते बहुतेक वेळा ज्यांना स्वतःला घर मिळालेलं आहे तेच उच्चारतात. सोयी पुरत नाहीत म्हणून घरं अडवायची आणि माणसं नाहीत म्हणून सोयी अडवायच्या, असं चक्र फिरवत शहरं दहा-दहा वर्षं काढतात. येणारी माणसं काही थांबत नाहीत. ती एका खोलीत आठजण राहतात किंवा आणखी लांब जातात. पाणी आणि सांडपाणी यांच्याशिवाय घर द्यायचंच नाही, एवढी एक अट मी ठेवीन. बाकीच्या सोयींना परवानगीशी न जोडता तारखेशी जोडावं. शाळा अमुक इतकी कुटुंबं आल्यावर, त्या दिवसापासून अमुक महिन्यांत. दिवे मात्र पहिल्या दिवशी.

बसचा प्रश्न सगळ्यांत अवघड. नव्या वस्तीत पहिली दोनेक वर्षं बस जवळजवळ रिकामी धावते आणि प्रत्येक फेरीत तोटा होतो. वस्ती भरल्यावर बघू म्हणून ती लांबवली की पहिल्या वर्षी आलेले लोक दुसऱ्या वर्षी दुचाकी घेतात, नाहीतर घराला कुलूप लावतात, आणि वस्ती भरतच नाही. हा तोटा बांधणाऱ्यानं सोसावा, महापालिकेनं, की दोघांनी मिळून, यावर खुशाल भांडण व्हावं. फक्त ते किल्ल्या वाटायच्या आधी, अंदाजपत्रकात व्हावं.

नमस्कार.