उपास कोणासाठी?

श्रोते बंधुभगिनींनो, नमस्कार.

बाबेलच्या बंदिवासातून मायदेशी परतलेल्या यहुदी लोकांपुढे एक प्रश्न उभा राहिला होता. इ.स.पूर्व 586 मध्ये यरुशलेमेतील मंदिर जाळले गेले, तेव्हापासून दरवर्षी पाचव्या महिन्यात ते शोक करीत आणि उपास धरीत. आता तेच मंदिर पुन्हा बांधले जात होते. म्हणून इ.स.पूर्व 518 च्या सुमारास बेथेलच्या लोकांनी माणसे पाठवून विचारले, की इतकी वर्षे पाळत आलेला हा उपास आम्ही यापुढेही पाळावा काय? प्रश्न व्यवहाराचा होता आणि होय किंवा नाही एवढ्यावर तो मिटला असता. परंतु जखऱ्या संदेष्ट्याच्या मुखाने देवाने उलट त्यांनाच विचारले, की या 70 वर्षांत तुम्ही जो उपास केलात, तो खरोखर माझ्यासाठी केलात काय?

ख्रिस्ती जीवनातील उपासाविषयी बोलताना आज मला हाच प्रश्न हाताशी ठेवायचा आहे. उपास किती तासांचा असावा, पाणी घेतलेले चालते काय, तो कोणत्या वारी सोडावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो कोणासाठी, हे विचारायचे मात्र राहून जाते.

काही वर्षांपूर्वीचा एक शुक्रवार मी विसरू शकत नाही. सकाळपासून काही खाल्ले नव्हते. पहाटेची प्रार्थना मन लावून झाली होती आणि त्याचे मला समाधानही वाटत होते. दुपारी अडीचच्या सुमारास मी लिहीत बसलो असताना धाकट्या मुलाच्या हातून पाण्याचा पेला माझ्या कागदांवर उपडा झाला. मी असा ओरडलो, की तो दोन पावले मागे सरकला आणि रिकामा पेला तसाच हातात धरून भिंतीला टेकून उभा राहिला. शाई ओघळत होती. फडक्याने कागद टिपता टिपता माझ्या लक्षात आले, की हा राग आजच्या भुकेने जन्माला घातलेला नाही. तो पूर्वीपासून घर करून होता. वेळच्या वेळी पोट भरत असल्यामुळे तो दबून राहिला होता, इतकेच. मी उठून मुलाला जवळ घेतले. त्या दिवशीची खरी प्रार्थना तेथून सुरू झाली, असे मला आजही वाटते.

अनुवाद या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना 40 वर्षांच्या रानातील प्रवासाची आठवण करून देतो. तुझ्या मनात काय आहे ते दिसून यावे म्हणून देवाने तुला लीन केले, तुझी उपासमार होऊ दिली, असे तो म्हणतो. आणि लगेच पुढे सांगतो, की मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही. प्रभू येशूने 40 दिवसांच्या उपासानंतर सैतानाला उत्तर दिले ते याच वचनाने. धोंड्यांच्या भाकरी करण्यात वरवर काही पाप दिसत नाही. परंतु आपल्या सामर्थ्याने आपलेच पोट भरून घ्यायचे, की पित्याच्या हाताची वाट पाहायची, हा तेथे निवाडा होता, आणि तो निवाडा भुकेल्या देहानेच व्हावयाचा होता. ज्याला आपण देवावरचा विश्वास म्हणतो, तो पोट भरलेले असताना तोंडाने सांगणे सोपे असते.

याच प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले, की उपास कराल तेव्हा तोंड धुवा आणि डोक्याला तेल लावा. त्या काळी काही लोक मुद्दाम चेहरा उतरवून हिंडत, कारण उपास दिसला तरच लोकांकडून मान मिळे. येशूने सांगितले ते रोजचे साधे आवरणे होते. उपास करणारा चारचौघांत मिसळला, तर तो ओळखू येऊ नये. लूकच्या शुभवर्तमानातील परूश्याने, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातील माणसाने, आठवड्यातून दोनदा उपास केला, यात काही वावगे नव्हते. वावगे झाले ते हे, की मंदिरात उभे राहून त्याने त्याचा हिशोब देवालाच ऐकवला.

उपासाने देवाचा हात पिरगाळता येतो, अशी एक समजूत अनेक भाविकांच्या मनात असते. मनाजोगे घडले नाही तर उपास कमी पडला, असे मानून बिचारे स्वतःलाच दोष देत राहतात. दावीद राजाने आजारी मुलासाठी सात दिवस जमिनीवर पडून उपास केला, तरी मूल गेले. तेव्हा तो उठला, त्याने स्नान केले, तेल लावले, परमेश्वराच्या घरी जाऊन त्याची उपासना केली आणि मग घरी येऊन अन्न मागून घेतले. त्याचा उपास फुकट गेला असे पवित्र शास्त्र कोठेही म्हणत नाही. मला ही शास्त्रातील फार मोठी घटना वाटते. मागणे नाकारले गेले आणि तरीही दावीद देवाच्या घरी गेला, यातच तो उपास कोणासाठी होता ते दिसते.

उपासाची दुसरी बाजू यशयाच्या 58 व्या अध्यायात आहे. उपासाच्या दिवशी मजुरांना राबवणाऱ्या आणि आपसांत भांडणाऱ्या लोकांना तेथे देव सांगतो, की मला आवडणारा उपास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतील वाटा देणे, निराश्रिताला घरात घेणे. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी हे किती शब्दशः घेतले होते, ते दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘मेंढपाळ’ नावाच्या ग्रंथात दिसते. उपासाच्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घ्यावे, एरवी जे खाल्ले असते त्याचा खर्च काढावा आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी, असे तेथे सांगितले आहे. वाचवलेले जेवण आपल्याच घरात शिल्लक राहिले, तर तो उपास अर्धाच झाला, असे मीही मानतो.

पुढे निरनिराळ्या मंडळ्यांनी निरनिराळे नेम केले. ‘दिदाखे’ या प्राचीन पुस्तिकेत बुधवार आणि शुक्रवार हे उपासाचे वार सांगितले आहेत, आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ते आजही पाळले जातात. कॅथलिक मंडळीत राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, आणि शुभ शुक्रवार, म्हणजे येशूच्या वधस्तंभावरील मरणाचा स्मरणदिन, या दोन दिवशी 18 ते 59 वर्षे वयाच्या व्यक्तींनी उपास करावा असा नियम आहे, म्हणजे एक पूर्ण जेवण आणि गरजेपुरते दोन वेळा थोडे खाणे. वयाची ही मर्यादा दयेची आहे. आजारी, गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि नेमाने औषधे घेणारे यांनी उपाशी राहण्याचा हट्ट धरू नये. त्यांनी त्या वेळात प्रार्थना करावी, कोणा गरजवंताचे जेवण द्यावे.

आता बेथेलच्या त्या माणसांकडे पुन्हा वळू. त्यांना लगेच उत्तर मिळाले नाही. आधी त्यांना सांगण्यात आले, की खरा न्याय करा, एकमेकांवर दया करा, विधवा, अनाथ, परके आणि गरीब यांना छळू नका. मूळ प्रश्नाचे उत्तर जखऱ्याच्या पुस्तकात पुढच्या अध्यायात येते. चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या महिन्यांतील उपास यहूदाच्या घराण्याला आनंदाचे सण होतील, असे देव तेथे म्हणतो, आणि त्या सणांच्या यादीत त्यांनी विचारलेला पाचवा महिनाही आहे.