बादली, बंब आणि ९० मीटरची शिडी: मुंबई आग कशी विझवत आली

नमस्कार मंडळी! आगीचा बंब घंटा वाजवत गेला की आपण लाल गाडीकडे बघत राहतो. आज जरा पुढे बघू. पाणी आगीच्या मुळाशी पोचतं कसं? कारण गाडं नेहमी तिथंच अडतं.

सुरुवात अमेरिकेतून. १७३६ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिननं शेजारीपाजारी जमवून युनियन फायर कंपनी काढली. पगार नाही, उलट पदरमोड! प्रत्येकानं चामड्याच्या बादल्या आणि जाड कापडाच्या पिशव्या स्वतःच्या ठेवायच्या. पिशव्या कशाला? घरातलं सामान भरून बाहेर काढायला. म्हणजे घर वाचेलच, याची त्यांनाही खात्री नसावी.

आपल्याकडे १८०३ मध्ये फोर्टात मोठी आग लागली, तरी १८५५ पर्यंत वेगळं दल नव्हतं. तेव्हा आलं तेही पोलिसांच्या हाताखाली, अर्धवेळ, घोड्यांच्या बंबांसह. आजच्या दलाची स्थापना १८८७ ची. वाफेच्या बंबाची गंमत बघा: आग विझवायला आधी बॉयलरखाली आग पेटवायची! घोडे दौडत असताना मागे माणूस कोळसा सारतोय, कारण वाफ धरली नाही तर पंप ढिम्म. १९०७ मध्ये मोटारीचा बंब आला आणि हळूहळू घोडे गेले.

आता १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाज. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. दुपारी धूर दिसला, वर्दी गेली, जवान होज घेऊन चढले. ९०० टनांहून जास्त पाणी आत ओतलं. पंप चोख होते, माणसं पक्की होती. पण धुरात आगीचं मूळच सापडेना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. दलाचे ६६ जण गेले. देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो याच तारखेला.

आज मुंबईकडे ९० मीटरपर्यंत जाणारी शिडी आहे. पण ती उभी करायला जागा लागते, पाय पसरायला रस्ता लागतो. जुन्या वाड्या-चाळींच्या गल्लीत ती काय करणार? २०१५ मध्ये काळबादेवीत जुनी इमारत जळता जळता कोसळली आणि चार अधिकारी गेले, त्यात प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकरही होते.

उंच इमारतीत पहिला पंप तुमच्याच सोसायटीचा असतो. २००६ च्या राज्य कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो 'फॉर्म बी' सेक्रेटरींकडे मागा. मग जिन्यातली लाल पेटी उघडा. होज आहे? त्याच्या टोकाचं पितळी नोझल आहे, की भंगारात गेलं? काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा. आणि हो, आग दिसली तर व्हिडिओ नंतर काढा, आधी १०१ फिरवा.