बीएस्सीकडून एम.टेक.कडे जाताना

(ऐरोलीतील एका अभ्यासिकेत विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रांनो, आणि कामाच्या दिवशी वेळ काढून आलेल्या पालकांनो, नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण रबाळे-महापे पट्ट्यात दिवसभर नोकरी करून संध्याकाळी इथे पुस्तकं उघडून बसता. कुणाचं बीएस्सी फिजिक्स झालंय, कुणाचं आयटी, कुणी गणितात पदवी घेऊन कॅलिब्रेशन लॅबमध्ये लागलंय. मघाशी दारातच एकाने विचारलं, "सर, बी.ई. नाही, तरी एम.टेक. करता येतं का?" मी स्वतः फिजिक्सकडून एम.टेक.ला गेलो आणि आता पदव्युत्तर वर्गांना शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जवळचा आहे. उत्तर आहे, येतं. मात्र त्यासाठी काय काय लागतं, ते आज नीट पाहू.

आधी मनातला संकोच काढून टाका. विश्वेश्वरय्यांनी १८८१ साली बंगळूरहून बी.ए. केलं. मग म्हैसूर सरकारच्या मदतीने ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि १८८३ साली इंजिनीअरिंगच्या परीक्षेत पहिले आले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाज्यांमागे हाच बी.ए. झालेला माणूस होता. डॉ. कलामांनी १९५४ साली तिरुचिरापल्लीला फिजिक्सची पदवी घेतली आणि त्यानंतर मद्रासच्या एमआयटीत, म्हणजे मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, विमानविद्या शिकले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बीएस्सी झालेल्यांसाठी तीन वर्षांचा बी.ई. कितीतरी दशकं चालू होता. आपल्या माटुंग्याच्या यूडीसीटीतही, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागातही, बीएस्सीनंतर टेक्नॉलॉजीची पदवी मिळायची. आधी विज्ञान आणि मग इंजिनीअरिंग हा क्रम आपल्याकडे जुना आणि मानाचा आहे.

आता नियम पाहू. इथे फार घोटाळा होतो. एम.टेक.च्या प्रवेशासाठी असलेली गेट ही परीक्षा पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला किंवा पदवी झालेला कुणीही देऊ शकतो. विज्ञानाचा चालतो, वाणिज्य आणि कलेचाही चालतो. म्हणून मुलं उड्या मारतात. पण गेटला बसता येणं वेगळं आणि प्रवेश मिळणं वेगळं. एम.टेक.ला बहुतेक ठिकाणी चार वर्षांची पदवी लागते, नाहीतर एमएस्सी किंवा एमसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी. तीन वर्षांच्या बीएस्सीवर चांगला स्कोअर आला, तरी अर्जच पुढे सरकत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, गणितवाल्यांनी आधी एमएस्सी करावी. त्यासाठी आयआयटीची जॅम परीक्षा आहे, आपलं विद्यापीठही आहे. आयटीवाल्यांना एमसीए करून कॉम्प्युटरच्या एम.टेक.कडे वळता येतं, कारण बऱ्याच एनआयटी, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, एमसीएवाल्यांना घेतात. त्यातही प्रत्येक विभागाची पदव्यांची यादी वेगळी असते. मटेरियल्सवाले फिजिक्सची एमएस्सी आनंदाने घेतील आणि त्याच संस्थेतले सिव्हिलवाले घेणार नाहीत. ती यादी माहितीपुस्तिकेत छापलेली असते. क्लासवाल्यांच्या सांगण्यावर जाऊ नका, पुस्तिका स्वतः वाचा.

नुसता डिप्लोमा झालेल्यांनी मात्र आधी पदवी पूर्ण करावी. त्यांना बी.ई.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तो सरळ मार्ग आहे, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आता खरी अडचण सांगतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वाटतं, आपलं गणित कच्चं आहे. बहुतेकदा ते पक्कं असतं. त्याला सवय नसते ती गणिताला वस्तूशी जोडण्याची. एक उदाहरण फळ्यावर करून दाखवतो.

स्प्रिंग, वस्तुमान आणि हालचाल मंदावणारा डॅम्पर यांचं समीकरण तुम्ही पदवीला सोडवलंय. डॅम्पिंग कमी, बरोबर आणि जास्त अशा तीन केसेस. उत्तरं तोंडपाठ असतात. आता ऑफिसच्या काचेच्या दारावर बसवलेला डोअर क्लोजर आठवा. आत स्प्रिंग असते, तेल असतं, आणि बाजूला एक बारीक स्क्रू. स्क्रू सैल केला की दार धाडकन आपटतं, जास्त आवळला की रेंगाळत बंद होतं. तो स्क्रू म्हणजेच तुमच्या समीकरणातला 'सी', डॅम्पिंग किती ते सांगणारा आकडा. दार बिजागरीवर फिरतं, म्हणून वस्तुमानाच्या जागी मोमेंट ऑफ इनर्शिया येतो, बाकी समीकरण तेच राहतं. आपटू नये आणि रेंगाळूही नये, असं हवं असेल तर 'सी' साधारण किती हवा? इनर्शिया आणि स्प्रिंगचा स्थिरांक यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि त्याला दोनने गुणा. इथवर तुम्ही येता. मुलाखतीत पुढचं विचारतात. तो स्थिरांक दार न खोलता मोजणार कसा? मे महिन्यात तेल पातळ झालं तर काय होईल? दार दुप्पट जड बसवलं तर स्क्रू कुठल्या बाजूला फिरवाल? हे प्रश्न ऐकून पहिल्या श्रेणीतली मुलं गप्प झालेली मी पाहिली आहेत. आणि कॅलिब्रेशन लॅबमधला मुलगा त्यांची उत्तरं देऊ शकतो, कारण मोजमाप हे त्याचं रोजचं काम आहे. तुमच्या नोकरीला कमी लेखू नका. अर्जात लिहिताना "दोन वर्षं अनुभव" एवढ्यावर भागवू नका. कोणतं उपकरण वापरलं, किती अचूकतेने मोजलं, चूक कुठे सापडली, ते लिहा.

तयारीसाठी माझा आग्रह आहे की हव्या त्या शाखेच्या बी.ई.चा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि आपल्या गुणपत्रिकांशेजारी ठेवून विषय न् विषय तपासा. फिजिक्सवाल्याला इलेक्ट्रॉनिक्सकडे जायचं असेल तर सिग्नल्स आणि कंट्रोल हे विषय राहिलेले दिसतील. गणितवाल्याचं प्रोग्रॅमिंग राहिलेलं असेल. हे विषय एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर, फुकट शिकता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळतं, पण ते पदवीची जागा घेत नाही.

गेटमध्ये तुमच्यासाठी एक पेपर खास पाहण्यासारखा आहे, इंजिनीअरिंग सायन्सेस. १०० गुणांपैकी १५ ॲप्टिट्यूडचे, १५ गणिताचे, आणि उरलेले ७० तुम्ही निवडलेल्या दोन विभागांचे, प्रत्येकी ३५. त्या विभागांत मटेरियल्स सायन्स आहे, थर्मोडायनॅमिक्स आहे. हे एमएस्सीवाल्याच्या ओळखीचे विषय आहेत. स्कोअर तीन वर्षं चालतो. मात्र तुम्हाला हवा असलेला विभाग हा पेपर स्वीकारतो का, ते आधी बघा.

पैशांबद्दल पालकांना सांगतो. गेट उत्तीर्ण पूर्णवेळ विद्यार्थ्याची ठरलेली शिष्यवृत्ती महिना १२,४०० रुपये आहे. घर चालवायला ती पुरत नाही, पण मुलाचा महिन्याचा खर्च बराचसा निघतो. पवईच्या आयआयटीत रिसर्च असिस्टंट म्हणून, म्हणजे संशोधनाच्या कामात मदत करतही एम.टेक. करता येतं. त्याला दोनऐवजी तीन वर्षं लागतात, निवडीत मुलाखतीला वजन असतं, आणि हातांनी काम केलेल्या मुलांना तिथे बोलण्यासारखं बरंच असतं.

आणि एक गोष्ट मी कुणापासून लपवत नाही. गेटच्या गुणांवर भरती करणाऱ्या सरकारी कंपन्या बहुतेक पदांसाठी बी.ई. किंवा बी.टेक.च मागतात. एमएस्सी करून एम.टेक. झालात, तरी ते दार सहसा उघडत नाही. संशोधन, अध्यापन, खासगी कंपन्यांचं डिझाइन आणि डेटाचं काम इथे तुम्हाला वाव आहे. ज्याचं सगळं लक्ष सरकारी कंपनीवर आहे, त्याने बी.ई.चा विचार करावा.

गेटचे फॉर्म साधारण ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत असते, निकाल मार्चमध्ये लागतो, आणि आयआयटींचे अर्ज त्याच सुमारास भरायचे असतात. ज्यांनी गुणपत्रिका सोबत आणल्या आहेत, त्यांनी आता पुढे या. अभ्यासक्रमांच्या प्रती माझ्याकडे आहेत, आपण एकेकाच्या बघू.