नांदूर-शिंगोटेची चकमक : ४ ऑक्टोबर १८५७

पुणे-नाशिक रस्त्याने संगमनेर सोडून सिन्नरकडे निघालं, की नांदूर-शिंगोटे लागतं. १८५७ च्या पावसाळ्याअखेर या गावापासून मैलभरावर, रस्ता टप्प्यात राहील अशा मोक्याच्या जागी, पन्नासेक भिल्ल येऊन बसले. त्यांचे पुढारी भागोजी नाईक याच गावचे.

भागोजी पूर्वी नगरच्या पोलिसांतच अधिकारी होते. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा, या आरोपांवरून त्यांना कैद झाली. सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यावा लागला. ती मुदत संपून थोडे दिवस होतात तोच सरकारने हत्यारं जमा करण्याचा हुकूम काढला, आणि भागोजींनी गाव सोडलं.

तेव्हा नाशिक हा वेगळा जिल्हा नव्हता. सिन्नरचा बंदोबस्त नगरकडे होता. म्हणून ४ ऑक्टोबरला नगरचे पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट जे. डब्ल्यू. हेन्री इथे पोहोचले. सोबत त्यांचे सहायक लेफ्टनंट थॅचर आणि इन्स्पेक्टर टेलर. हाताशी ३० पोलीस शिपाई, आणि महसूल खात्याचे २० पट्टेवाले. या पट्टेवाल्यांकडे होत्या तलवारी.

हेन्रींनी आधी बोलणी करून पाहिली, याची नोंद घ्यायलाच हवी. सिन्नर आणि संगमनेरचे मामलेदार भागोजींकडे गेले. उत्तर आलं : दोन वर्षांचा थकलेला पगार द्या, पोटापाण्याची सोय करा, मग बोलू. मागणी रोकडी होती. पण ती मान्य करण्याऐवजी चालून जाण्याचा हुकूम निघाला.

चूक इथे झाली, असं आमचं स्पष्ट मत आहे. माणसं दोन्हीकडे सारखीच, पन्नासच्या आसपास. पण एक बाजू खडकांच्या आडोशाला, दुसरी उघड्यावर. तलवार घेऊन निघालेला माणूस बंदुकीच्या टप्प्यातून जाईपर्यंत निरुपयोगीच, म्हणजे खऱ्या अर्थाने लढणारे उरले तीसच. त्यात समोरचा पुढारी पोलिसांची रीत आतून ओळखणारा.

पहिल्याच गोळीने हेन्रींच्या मागचा माणूस पडला. गॅझेटिअरने, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या सरकारी माहितीग्रंथाने, त्याचं नाव दिलेलं नाही. हेन्रींना स्मरताना त्याच्यासाठीही थांबायला हवं. कर्तव्यावर पहिला मेला तो तोच. हेन्री स्वतः जखमी झाले, तरी पुढे सरकत राहिले. पुढची गोळी जीवघेणी ठरली. भागोजी निसटले.

हेन्रींच्या मृत्यूनंतर नगर-नाशिकचा भिल्ल मुलूख पेटला. दोनच आठवड्यांत, १८ ऑक्टोबरला, अकोले तालुक्यात समशेरपूरच्या डोंगरात दुसरी चकमक झाली. इंग्रज अधिकारी नटॉल यांनी मग पद्धतच बदलली. डोंगर पायाखालचा असलेल्या कोळ्यांची पलटण उभी केली. जो नाईक जितकी माणसं आणील, तितका त्याचा हुद्दा मोठा. पलटणीचं नेतृत्व जावजी नाईक बांबळे यांच्याकडे गेलं. तंबू नाहीत, लवाजमा नाही. सामान घोंगडीत बांधायचं आणि चालायला लागायचं. शंभरापासून सुरू झालेली ही पलटण सहाशेवर गेली.

तरीही भागोजी आणखी दोन वर्षं हाती लागले नाहीत. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यातच, मिठसागरे इथे, फ्रँक सूटर यांच्या तुकडीशी लढताना ते पडले. सूटर पुढे मुंबईचे पोलीस कमिशनर झाले. भागोजींचं नाव आज या भागात क्रांतिकारक म्हणून आदराने घेतलं जातं.